ऑक्सिजनच जिवावर उठतो तेव्हा: नायट्रॉक्सवर डायव्हिंग करताना खोलीची मर्यादा का पाळावी लागते?

तारकर्ली-मालवणला जाऊन आलेल्या माणसाच्या इन्स्टावर एक फोटो हमखास असतो. हिरवट निळं पाणी, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, दोन बोटांचा व्ही आणि खाली ओळ: 'पाठीवर ऑक्सिजन सिलिंडर घेऊन थेट समुद्राच्या तळाशी!' बातम्यांमध्येही बहुतेक वेळा असंच छापून येतं.

फोटो खरा असतो, ओळ चुकीची असते. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता श्वासात घेतोय तीच साधी हवा कॉम्प्रेसरने दाबून भरलेली असते. साधारण ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेला आर्गॉन वगैरे. आणि ते बरंच आहे. कारण सिलिंडरमध्ये खरोखर निव्वळ ऑक्सिजन भरला, तर जेमतेम ६ मीटर खोलीनंतर, म्हणजे दुमजली घराच्या उंचीएवढ्या पाण्यात, त्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

ज्या वायूशिवाय माणूस चार-पाच मिनिटंही तग धरू शकत नाही, तोच वायू पाण्याखाली विष होतो. आणि तरीही जगभरात लाखो हौशी डायव्हर मुद्दाम जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण घेऊन समुद्रात उतरतात. त्या मिश्रणाचं नाव नायट्रॉक्स. ते का घेतात, त्यात धोका नेमका कुठे असतो आणि तो कसा टाळतात, ते पाहू.

जास्त ऑक्सिजन हवा कशाला?

खरं तर डायव्हरला जास्त ऑक्सिजन नको असतो. त्याला कमी नायट्रोजन हवा असतो.

पाण्याखाली दाब वाढतो, तसा श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींमध्ये विरघळत जातो. शरीर त्याचा काही उपयोग करत नाही, तो नुसता साठतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका साठा मोठा. वर येताना दाब कमी होतो आणि हा नायट्रोजन बाहेर पडू लागतो. माणूस फार वेळ खाली राहिला किंवा घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं होतं. अंगात बुडबुडे तयार होतात. सांधे प्रचंड दुखतात, वाईट प्रसंगात मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस किंवा 'बेंड्स' म्हणतात.

म्हणून प्रत्येक खोलीला किती मिनिटं थांबायचं याचे तक्ते असतात. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात साध्या हवेवर ३० मीटरला फक्त २० मिनिटं मिळतात. आता हवेतला ऑक्सिजन वाढवून ३२ टक्के केला, तर नायट्रोजन ६८ टक्क्यांवर येतो. मग ३० मीटरवर असतानाही शरीरात नायट्रोजन विरघळतो तो जणू साडेचोवीस मीटरवर असल्यासारखा. तक्त्यात पुढची, म्हणजे २५ मीटरची ओळ बघायची, तिथे २९ मिनिटं आहेत. त्याच खोलीवर जवळपास दीडपट वेळ मिळाला.

बुडालेलं जहाज बघायला हजारो रुपये मोजून गेलेल्या माणसाला ही ९ मिनिटं फार मोलाची वाटतात. दिवसाला तीन-तीन, चार-चार डाइव्ह मारणाऱ्यांना तर जास्तच.

३२ टक्के आणि ३६ टक्के ही दोन मिश्रणं सर्वाधिक चालतात. त्यांचा पाया अमेरिकेच्या महासागर आणि वातावरण संस्थेत, म्हणजे 'नोआ'मध्ये रचला गेला. तिथल्या डायव्हिंग विभागाचे मॉर्गन वेल्स यांनी १९७० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञ डायव्हरांसाठी ही पद्धत बसवली आणि १९७९ च्या नोआच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये ती छापली गेली. नोआतूनच निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये ती हौशी डायव्हरांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र डायव्हिंगच्या धंद्यात मोठी बोंब उठली. नायट्रॉक्सला 'सैतानी वायू' म्हटलं गेलं. मोठ्या संस्थांनी लांबून नमस्कार केला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पॅडीनेच नायट्रॉक्सचा कोर्स सुरू केला आणि वाद शमला.

विरोधकांची भीती अगदीच खुळी नव्हती. तिच्यामागे शास्त्र होतं, फक्त ते अर्धवट सांगितलं जात होतं.

टक्के नव्हे, दाब बघायचा

कोविडच्या काळात घराघरात ऑक्सिमीटर आला आणि 'ऑक्सिजन ९५ च्या वर पाहिजे' हे सगळ्यांना पाठ झालं. त्यामुळे ऑक्सिजनचा विषय निघाला की आपण टक्क्यांत विचार करतो. डायव्हिंगमध्ये इथेच गल्लत होते.

जमिनीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी १ बारची भर पडते. १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. सिलिंडरला जोडलेला रेग्युलेटर डायव्हरला त्या त्या खोलीच्या दाबानेच हवा देतो, नाहीतर छातीवरच्या पाण्याच्या दाबापुढे श्वास आत घेताच येणार नाही.

म्हणजे ३० मीटरवरच्या एका श्वासात जमिनीवरच्या चार श्वासांएवढे रेणू ठासून भरलेले असतात. ऑक्सिजनचे टक्के तेच, पण रेणू चौपट. शरीराला टक्के कळत नाहीत, रेणूंची ही गर्दी कळते. तिचं माप म्हणजे आंशिक दाब, एकूण दाबातला ऑक्सिजनचा स्वतःचा वाटा. १८०१ मध्ये जॉन डाल्टनने मांडलेला हा नियम डायव्हर आजही तसाच वापरतात. गणित पाचवीतलं आहे. एकूण दाब गुणिले ऑक्सिजनचा अंश.

साधी हवा, ३० मीटर: ४ गुणिले ०.२१, म्हणजे ०.८४ बार. ३२ टक्के नायट्रॉक्स, तीच खोली: ४ गुणिले ०.३२, म्हणजे १.२८ बार. हॉस्पिटलमध्ये पेशंटला मास्क लावून १०० टक्के ऑक्सिजन दिला तरी आंशिक दाब १ बारच्या वर जात नाही, कारण तो जमिनीवर असतो. थोडक्यात, ३२ टक्के नायट्रॉक्स घेऊन ३० मीटरवर पोहणाऱ्याच्या शरीरात आयसीयूमधल्या पेशंटपेक्षा जास्त ऑक्सिजन घुसतोय.

या अवस्थेत ऑक्सिमीटर लावला तरी तो काही सांगणार नाही. हिमोग्लोबिन तर जमिनीवरच जवळपास भरलेलं असतं. दाबाखालचा जादा ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो आणि मेंदूपर्यंत जातो.

शरीरात काय होतं?

दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात. एक फुप्फुसांत, सावकाश. दुसरी मेंदूत, अचानक.

फुप्फुसांचा त्रास १८९९ मध्ये जेम्स लॉरेन स्मिथ यांनी नोंदवला. आंशिक दाब ०.५ बारच्या वर बराच काळ राहिला की श्वासनलिकेला जळजळ होते, कोरडा खोकला येतो, छातीत दुखतं. पण त्यासाठी तासन् तास लागतात. हौशी डायव्हर एका सिलिंडरवर तासभर खाली असतो, त्याला हा त्रास सहसा होत नाही.

मेंदूचं प्रकरण वेगळं. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं की दाबाखालच्या ऑक्सिजनने प्राण्यांना आकडी येते. जादा ऑक्सिजनमुळे पेशींमध्ये अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते आवरण्याची शरीराची यंत्रणा अपुरी पडली की मेंदूतल्या संदेशांचा तोल जातो आणि अपस्माराच्या रुग्णाला येते तशी फिट येते.

माणसावर हे किती दाबाला होतं, हे कळायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. ब्रिटिश नौदलाचे पाणबुडे शत्रूच्या बंदरात गुपचूप शिरायला निव्वळ ऑक्सिजनवर चालणारी उपकरणं वापरत, कारण त्यातून बुडबुडे बाहेर पडत नाहीत. काही जण खाली बेशुद्ध पडू लागले. नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी १९४२ पासून स्वयंसेवकांवर शेकडो चाचण्या घेतल्या. चाचणीच्या टाकीच्या तळाशी 'ऑक्सिजन पीट' नावाचा राक्षस राहतो आणि तो एकेकाला गाठतो, अशी गंमत पाणबुड्यांनी रचली होती. गंमत कसली, भीतीला दिलेलं नाव होतं ते.

याच काळात स्वतःवर प्रयोग करून घेणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते. ऑक्सिजनमुळे आलेल्या एका फिटमध्ये त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली आणि तिचं दुखणं त्यांना पुढे पुरलं. हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरमध्ये वारले. डीकम्प्रेशनचे पहिले भरवशाचे तक्ते १९०८ मध्ये त्यांच्या वडिलांनी केले होते. डायव्हिंगच्या शास्त्रावर या बापलेकांचं मोठं ऋण आहे.

डोनाल्ड यांचे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या तीन गोष्टी आजच्या प्रत्येक नियमाच्या मुळाशी आहेत.

पहिली, कोरड्या चेंबरमध्ये माणूस जितका ऑक्सिजन सहन करतो, त्यापेक्षा पाण्यात खूपच कमी सहन करतो. दुसरी, अंगमेहनत केली की सहनशक्ती आणखी घटते. आणि तिसरी सगळ्यात अस्वस्थ करणारी. एकाच पाणबुड्याला एकाच खोलीवर, सुमारे २१ मीटरवर, तीन महिने पुन्हा पुन्हा ऑक्सिजन देऊन पाहिलं. एखाद्या दिवशी ७ मिनिटांत लक्षणं दिसली, एखाद्या दिवशी १४८ मिनिटं काही झालं नाही.

माणूस तोच, खोली तीच.

म्हणूनच 'मी मागच्या वेळी ४० मीटरला गेलो होतो, मला काही झालं नाही' या वाक्याला इथे काडीची किंमत नाही. दारूसारखी ऑक्सिजनची सवय होत नाही. कालचा अनुभव आजची हमी देत नाही.

फिट आली तर एवढं काय?

जमिनीवर आली तर फारसं काही नाही. हॉस्पिटलच्या हायपरबॅरिक चेंबरमध्ये रुग्णांना २.४ ते २.८ बारपर्यंत ऑक्सिजन देतात. तिथे क्वचित कुणाला फिट येते. मास्क काढतात, ऑक्सिजन थांबतो, मिनिट-दोन मिनिटांत फिट ओसरते आणि सहसा मागे काही राहत नाही.

पाण्याखाली मात्र तोंडातला रेग्युलेटर निसटतो. बेशुद्ध माणूस पुढचा श्वास पाण्यात घेतो. ऑक्सिजनच्या विषबाधेने जाणारे डायव्हर प्रत्यक्षात बुडून मरतात.

कोर्समध्ये लक्षणांची यादी पाठ करून घेतात. नजर बोगद्यासारखी अरुंद होणं, कानात गुणगुण, मळमळ, ओठ आणि गालाचे स्नायू फडफडणं, उगाच चिडचिड, चक्कर. यातलं काहीही जाणवलं की लगेच वर सरकायचं, कारण दोन-चार मीटर वर आल्यानेही आंशिक दाब उतरतो. यादी पाठ असावी हे खरं. पण तिच्यावर विसंबून राहणं म्हणजे शुद्ध जुगार. बऱ्याचदा पहिलं लक्षण म्हणजे थेट फिटच असते.

म्हणून सुरक्षेचा सगळा भर आहे तो त्या दाबापर्यंत पोहोचायचंच नाही यावर.

१.४ हा आकडा

हौशी डायव्हिंगमध्ये ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा आज जवळपास सर्वमान्य नियम आहे. १.६ ही शेवटची सीमा. ती प्रशिक्षित टेक्निकल डायव्हर वर येताना स्थिर थांबून, अंगमेहनत न करता वापरतात. हौशी माणसाने १.६ म्हणजे 'चुकून खाली गेलो तर हाताशी ठेवलेली फट' एवढंच समजायचं.

हा आकडा ठरला की प्रत्येक मिश्रणाची कमाल खोली आपोआप ठरते. १.४ ला ऑक्सिजनच्या अंशाने भागायचं, त्यातून १ वजा करायचा, १० ने गुणायचं. ३२ टक्क्यांना येतात ३३.७५ मीटर. ३६ टक्क्यांना सुमारे २९. ४० टक्क्यांना २५. साध्या हवेला ५६ च्या पुढे, म्हणजे हौशी डायव्हिंगच्या ४० मीटरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली. हवेवर डायव्हिंग करणाऱ्याला ऑक्सिजनची चिंता करावी लागत नाही ती यामुळे.

नायट्रॉक्सबद्दलचा सर्वात मोठा गैरसमजही इथेच मोडतो. 'चांगला गॅस आहे, म्हणजे आणखी खोल जाता येत असेल.' उलट आहे. मिश्रण जितकं श्रीमंत, तितका तळ उथळ.

थिसलगॉर्मवरचा एक दिवस

आकडे कोरडे वाटतात म्हणून एक खरी जागा घेऊ. इजिप्तच्या तांबड्या समुद्रात, सुएझच्या आखाताच्या तोंडाशी 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडालेलं आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ते बुडवलं. पोटात अजूनही बीएसए मोटारसायकली, बेडफर्ड ट्रक, बुटांचे ढीग आणि दारूगोळा आहे. जगातल्या सर्वात लोकप्रिय डाइव्हपैकी ही एक. वरचं डेक १६-१८ मीटरवर, समुद्राचा तळ साधारण ३० मीटरवर. नायट्रॉक्ससाठी जणू मापून ठेवलेलं जहाज.

३२ टक्के घेऊन तळाला गेलं तर १.२८ बार. मर्यादेच्या आत, वर पावणेचार मीटरची फट. वेळही चांगला मिळतो.

आता समजा बोटीवर एकाने ३६ टक्के घेतला, 'अजून जास्त वेळ मिळेल' म्हणून. त्याची मर्यादा २८.९ मीटर. डेकवर आणि मालाच्या खणांत तो मजेत फिरेल. पण तळाशी, वाळूत रुतलेला पंखा बघायला गेला की आकडा १.४४. आणि या जागी प्रवाह जोरात असतो. पाय मारत, धापा टाकत प्रवाहाविरुद्ध गेला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, रक्ताबरोबर ऑक्सिजनही वाढतो. म्हणजे डोनाल्ड यांनी सांगितलेल्या दोन्ही वाईट गोष्टी, पाणी आणि मेहनत, एकाच वेळी. हवा वाचवायला श्वास रोखून धरणाऱ्यांचंही हेच होतं.

१.४४ ला लगेच फिट येते का? नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. पण त्या ७ आणि १४८ मिनिटांतला आपला आजचा दिवस कोणता, हे कुणालाच ठाऊक नसतं.

खोलीबरोबर मिनिटंही मोजायची

ऑक्सिजनचा डोस म्हणजे दाब आणि वेळ दोन्ही. नोआने दर आंशिक दाबाला कमाल वेळ ठरवून दिली आहे. १.३ बारला एका डाइव्हमध्ये १८० मिनिटं, १.४ ला १५०, १.५ ला १२० आणि १.६ ला फक्त ४५. शेवटची उडी बघा. १.५ वरून १.६ वर गेलं की मुदत एकदम निम्म्याहून कमी होते. मर्यादेजवळ 'थोडंसंच तर खाली आहे' हे किती महाग पडतं ते यातून दिसतं.

डायव्हर याचा टक्क्यांत हिशोब ठेवतात, त्याला 'सीएनएस क्लॉक' म्हणतात. पुन्हा थिसलगॉर्म. सकाळची डाइव्ह ४५ मिनिटं, सर्वात खोल बिंदू ३० मीटर. खरं तर यातला बराच वेळ डेकवर, १८ मीटरला जातो. पण हिशोब कडक ठेवायचा म्हणून सगळी ४५ मिनिटं तळाला होतो असं धरायचं आणि १.२८ वर नेऊन १.३ करायचे. ४५ भागिले १८०, म्हणजे २५ टक्के. दुसरी डाइव्ह ४० मिनिटांची, तीही १.३ धरली तर २२ टक्के. दिवसाचे झाले ४७. बहुतेक प्रशिक्षक ८० टक्क्यांच्या आसपासच थांबायला सांगतात. शिवाय २४ तासांची एकूण मर्यादा वेगळी असते, १.४ ला ती १८० मिनिटं आहे.

दोन डाइव्हच्या मध्ये हा आकडा उतरतो. दर ९० मिनिटांनी निम्मा होतो असं बरेच डाइव्ह कॉम्प्युटर धरतात. हा व्यवहारातला अंदाज आहे, प्रयोगाने सिद्ध झालेला नियम नाही. त्याच्या जिवावर हिशोब ताणू नये.

फुप्फुसांसाठी वेगळं एकक आहे, ओटीयू. एक बार ऑक्सिजनमध्ये एक मिनिट म्हणजे एक ओटीयू. वरच्या दोन डाइव्ह मिळून साधारण १२५ होतात, तर पहिल्या दिवसाला ८५० पर्यंत चालतात. अनेक दिवस सलग डायव्हिंग असेल तर रोजचे ३०० हा आकडा लक्षात ठेवायचा. आठवडाभर बोटीवर राहून रोज चार डाइव्ह मारणाऱ्यांनीच याकडे बघायची गरज आहे.

खरं काम बोटीवर होतं

नायट्रॉक्सच्या अपघातांमागे गुंतागुंतीचं शरीरशास्त्र क्वचित असतं. बहुधा साधी चूक असते. दुसऱ्याचा सिलिंडर उचलला. भरणाऱ्याने ३२ ऐवजी ३८ भरला. कॉम्प्युटरमध्ये कालचाच आकडा राहिला.

वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. ३२ आणि ५० टक्क्यांत श्वास घेताना काडीचाही फरक जाणवत नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये काय आहे हे मोजूनच कळतं आणि ते ज्याने वापरायचं त्यानेच मोजायचं, हा नायट्रॉक्सचा पहिला नियम. 'दादा, मी चेक केलंय, घ्या' असं दुकानदार म्हणाला तरी.

मोजायला हातात मावेल एवढा ऑक्सिजन अॅनालायझर असतो. आतल्या सेन्सरवर ऑक्सिजन पोहोचला की बॅटरीसारखा बारीक विद्युतदाब तयार होतो, ऑक्सिजन जास्त तर दाब जास्त. आधी यंत्र उघड्या हवेत धरून २०.९ वर जुळवायचं. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून सावकाश वायू सोडायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर आकडा चुकतो, वायूचा झोत जोराचा असला तरी चुकतो. सेन्सर काही वर्षांत थकतो. हवेत २०.९ वर टिकत नसेल तर ते यंत्र बाजूला ठेवायचं.

३२ मागितला आणि ३४ निघाला तर? वापरता येतो, पण मर्यादा ३३.७५ वरून ३१ वर आली. हा नवा आकडा धरूनच बेत ठरवायचा.

मग चिकटपट्टी. सिलिंडरच्या गळ्याशी टेप लावून त्यावर ऑक्सिजनचे टक्के, कमाल खोली, तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहायची. दुकानाच्या वहीत सही करायची. हे शाळेच्या दप्तरावर नाव घालण्यासारखं वाटतं, पण एकाच बोटीवर एकसारखे दिसणारे २० सिलिंडर उभे असताना हीच पट्टी कामाला येते. टेक्निकल डायव्हर तर प्रत्येक सिलिंडरवर कमाल खोली भल्या मोठ्या आकड्यांत रंगवतात, म्हणजे पाण्यात जोडीदारालाही वाचता यावी. वर येताना वापरायचा ५० टक्क्यांचा सिलिंडर चुकून ३० मीटरवर तोंडाला लागला, तर आंशिक दाब थेट २ बार होतो.

शेवटी कॉम्प्युटर. मोजलेला आकडा त्यात घालायचा आणि १.४ चा गजर लावायचा. इथली चूक दोन्ही बाजूंनी नडते. सिलिंडरमध्ये ३६ आणि कॉम्प्युटरमध्ये ३२, तर ऑक्सिजनची मर्यादा ओलांडली तरी यंत्र गप्प बसतं. उलट झालं तर ते नायट्रोजन कमी मोजतं, जास्त वेळ राहू देतं आणि बेंड्सचा धोका वाढतो.

४० टक्क्यांच्या वरच्या मिश्रणांना आणखी एक काळजी लागते, आगीची. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आला की भडका उडू शकतो. त्यासाठी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह खास पद्धतीने स्वच्छ केलेले असावे लागतात. निव्वळ ऑक्सिजन आधी भरून मिश्रण करायचं असेल, तर टक्के कितीही असोत, सिलिंडर तसाच लागतो.

आणि पाण्यात खरंच काही झालं तर?

जोडीदाराला फिट आली आणि रेग्युलेटर तोंडातच असेल, तर तो तिथेच दाबून धरायचा, झटके थांबू द्यायचे आणि मग त्याला सावकाश वर न्यायचं. रेग्युलेटर निसटला असेल, तर झटके चालू असताना तो पुन्हा कोंबायच्या भानगडीत न पडता लगेच वर न्यायचं. वर त्याला मदत मिळू शकते, खाली नाही. हे वाचून येत नाही, रेस्क्यू कोर्समध्ये प्रत्यक्ष करून घेतात. जोडीदार दहा मीटर लांब फोटो काढत असेल, तर यातलं काहीच होऊ शकत नाही, हेही तितकंच खरं.

ज्यांना पूर्वी अपस्माराचे झटके आले आहेत, त्यांनी डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्मवर ते लपवू नये. सर्दी मोकळी करणाऱ्या काही गोळ्यांमध्ये स्युडोएफेड्रिन असतं. त्याने ऑक्सिजनच्या फिटचा धोका वाढत असावा असा संशय आहे, पुरावा पक्का नाही. नायट्रॉक्सवर जाणाऱ्यांना ते टाळायचा सल्ला दिला जातो. नाक चोंदलेलं असताना डायव्हिंग तसंही करू नये, कानाचा पडदा फाटायची भीती असते.

नायट्रॉक्सने थकवा येत नाही, डोकं हलकं राहतं, असं बरेच डायव्हर शपथेवर सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही. फायदा एकच आणि तो पुरेसा आहे, नायट्रोजन कमी.

तारकर्लीला पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला यातल्या कशाचीच गरज पडत नाही. प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाणाऱ्याला साधी हवाच योग्य. नायट्रॉक्सचा कोर्स सहसा ओपन वॉटर डायव्हरचं प्रमाणपत्र मिळाल्यानंतर किंवा त्याच्या जोडीने करतात आणि तो एखाद्या दिवसात होतो. अंदमान असो, मालदीव असो की इजिप्त, जबाबदार डाइव्ह सेंटर ते कार्ड बघितल्याशिवाय नायट्रॉक्सचा सिलिंडर हातात देत नाही. कार्ड दाखवलं की तो अॅनालायझर, टेपचं रीळ आणि मार्कर पेन पुढे सरकवतो.